बोलेरो की अर्टिगा? आधी वही, मग गाडी

ओरलला एक्स्टर्नलने 'टॉर्क आणि पॉवरमध्ये फरक काय?' असं विचारलं तर आपण घडाघडा बोलतो. पण हाच प्रश्न २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी ओसरीवर आला आणि माझी दातखीळ बसली. नाना, म्हणजे माझे काका, हातात दोन गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन बसले होते. म्हणाले, "आरं इंजिनेर, थर्ड इयरला हायेस ना? मग सांग की, यातली कुठली घ्यायची?"

मी दोन्ही कागद उलटेपालटे केले, एकीचे हॉर्सपॉवर जास्त आणि दुसरीचा टॉर्क जास्त, एवढं वाचून दाखवलं आणि गप्प बसलो. ताई (नानांची मुलगी) हसली. ती गोष्ट तिथंच संपली असती, पण आजीनं आत जाऊन पाटल्या आणल्या आणि नानांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाली, "ह्या गहाण ठेवा, पर गाडी बघून-सवरून घ्या." तेव्हा कळलं की ही काही ओरल नाही. चुकलो तर बॅक राहत नाही, पाटल्या जातात.

त्यानंतर महिना-दीड महिना आम्ही जो अभ्यास केला तो इथे मांडतोय. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ना उद्या असा प्रसंग येणारच आहे. 'तू इंजिनीअर ना, मग सांग' हे वाक्य कुणालाच चुकत नाही!

पहिली चूक: गाडीपासून सुरुवात

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. पुणे साधारण ९० किलोमीटर. घर गावात नाही, मळ्यात, वस्तीवर. डांबरी रस्ता सोडला की दोन किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये एक नाला. घरात माणसं सात. आजीचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे महिन्यातून दोनदा पुण्याला दवाखाना.

नानांचं मत ठाम होतं: "रस्ता आपला असा, बोलेरोच पाहिजे." ताईचं मतही तेवढंच ठाम: "आजीला पुण्याला न्यायचंय, अर्टिगाच पाहिजे." दोघंही आपापल्या गाडीची बाजू मांडत होते, पण आपल्याला गाडी नेमकी कशाला लागते हे कुणीच मोजलेलं नव्हतं. मशीन डिझाइनमध्ये सर पहिल्याच तासाला सांगतात की आधी लोड काढा, मग शाफ्टचा व्यास. आम्ही आधी शाफ्ट विकत घ्यायला निघालो होतो.

मग ताईनं एक वही केली. नोव्हेंबरचा पूर्ण महिना, ज्या ज्या वेळी घरची गाडी असती तर काढली असती अशी प्रत्येक फेरी लिहायची: कुठे, किती किलोमीटर, माणसं किती, सामान काय. महिनाअखेर बेरीज अशी निघाली:

एकूण फेऱ्या २६, एकूण अंतर सुमारे १,००० किलोमीटर.
चार किंवा त्याहून कमी माणसं: १९ फेऱ्या.
पाच-सहा माणसं: ५ फेऱ्या.
सातही माणसं: फक्त २ फेऱ्या.
पुण्याचा दवाखाना: २ फेऱ्या, त्यातच ३६० किलोमीटर.
कच्चा रस्ता: प्रत्येक फेरीत जाऊन-येऊन ४ किलोमीटर, म्हणजे महिन्याला १०४.

शेवटची ओळ महत्त्वाची. अंतराच्या हिशेबात कच्चा रस्ता जेमतेम दहा टक्के. पण तो टाळता येत नाही, २६ पैकी २६ फेऱ्यांत येतो. म्हणजे नाना आणि ताई दोघंही निम्मे बरोबर होते.

कागदावरच्या दोन गाड्या

बोलेरो २००० साली बाजारात आली. आजची बोलेरो म्हणजे १,४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ५५.९ किलोवॅट (सुमारे ७५ हॉर्सपॉवर) ३,६०० आरपीएमला आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० ते २,२०० आरपीएमच्या दरम्यान. जोर मागच्या चाकांना, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आणि बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवलेली.

अर्टिगा भारतात २०१२ साली आली, दुसरी पिढी २०१८ मध्ये. २०२० पासून ती डिझेलमध्ये मिळत नाही. पेट्रोल इंजिन १,४६२ सीसी, चार सिलिंडर, ७५.८ किलोवॅट (सुमारे १०३ हॉर्सपॉवर) ६,००० आरपीएमला आणि १३६.८ न्यूटन-मीटर टॉर्क ४,४०० आरपीएमला. जोर पुढच्या चाकांना. वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, ज्याला आपण मोनोकॉक म्हणतो.

ताकद कुणाची जास्त?

१०३ विरुद्ध ७५ म्हटलं की वाटतं अर्टिगाच ताकदवान. २१० विरुद्ध १३६.८ म्हटलं की वाटतं बोलेरो. खरं काय? सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे: पॉवर (किलोवॅट) = २ × पाय × आरपीएम × टॉर्क ÷ ६०,०००.

आता दोन्ही इंजिनं २,००० आरपीएमला बघू. बोलेरो: २१० न्यूटन-मीटरने ४४ किलोवॅट, म्हणजे जवळपास ६० हॉर्सपॉवर. अर्टिगाचा २,००० आरपीएमचा टॉर्क माहितीपत्रकात नाही, पण तो कमाल टॉर्कपेक्षा जास्त तर असणार नाही ना? कमालच धरला तरी २८.७ किलोवॅट, म्हणजे ३९ हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

म्हणजे पाय हलका ठेवून भरलेली गाडी नाल्यातून वर काढायची असेल तेव्हा ७५ वाली गाडी १०३ वालीपेक्षा दीडपटीहून जास्त काम करते! अर्टिगा तोच चढ चढत नाही असं नाही. गिअर खाली टाकायचा, इंजिन जास्त फिरवायचं, की जोर मिळतो. फक्त चालवणाऱ्याला ते वेळेवर जमलं पाहिजे. उलट हायवेवर ट्रकला मागे टाकताना इंजिन ४,०००-५,००० वर गेलं की अर्टिगाचा जोर खुलतो आणि बोलेरोचा संपत आलेला असतो. थोडक्यात काय, माहितीपत्रकातला मोठा आकडा बघू नका, तो कुठल्या आरपीएमला आहे ते बघा, आणि आपण गाडी कुठल्या आरपीएमला चालवतो ते बघा.

चढ, चिखल आणि सात माणसं

आता नाल्याचा चढ घेऊ. समजा, माणसांसकट अर्टिगाचं वजन १,७०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटरवर, चढ १० अंशांचा. दोन आसांमधलं अंतर २.७४ मीटर. तर चढावर पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकणारं वजन = १,७०० × ०.६५ × साइन १० ÷ २.७४, म्हणजे सुमारे ७० किलो. त्यात मागच्या रांगेत दोन मोठी माणसं बसलेली. म्हणजे ज्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात. कोरड्या मुरमावर हरकत नाही, पण ओल्या चिखलात चाकं जागेवर फिरतात. बोलेरोत हेच सरकलेलं वजन जोर असलेल्या मागच्या चाकांवर पडतं. इथे नाना सरळ जिंकले.

पण एक गैरसमज दूर करायला हवा. बोलेरोकडे बघून बऱ्याच जणांना वाटतं की चारही चाकांना जोर आहे. आज विकली जाणारी बोलेरो दोनच चाकांवर चालते. फार चिखल असेल तर तीही अडकते.

आणखी एक, ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा वाचताना तो रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारा. सात माणसं बसली की स्प्रिंग दबतात. ट्रायलच्या वेळी सगळ्यांना बसवून टेपनं मोजलं की काम झालं.

'पत्रा जाड पाहिजे'

शोरूममध्ये गेल्यावर नानांनी पहिलं काम काय केलं? दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवर टकटक! "हिचा आवाज बघ, आणि तिचा बघ. डबा नुसता!" ही परीक्षा आपल्याकडे घरोघरी चालते. पण बॉनेटचा पत्रा कुणाला वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा, आणि तो पुढे किती चुरगळतो नि माणसं बसतात तिथे किती घट्ट राहतो, हे.

गणित सोपं आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. गाडीचं नाक ३० सेंटिमीटर चुरगळून थांबलं तर आतल्या माणसाला साधारण ३२ जी इतका धक्का बसतो. ६० सेंटिमीटर चुरगळलं तर १६ जी. म्हणजे अजिबात न वाकणारी गाडी ही चांगली गोष्ट नाही, ती सगळा धक्का आतल्या माणसाला देऊन टाकते. हे सांगितलं तेव्हा नाना पहिल्यांदा गप्प झाले.

वेगळ्या चेसिसचे फायदेही आहेत. खाचखळग्यांत पिळ बसला तरी जाड चेसिस तो सोसते आणि गावच्या गॅरेजवाल्याला तिची दुरुस्ती सवयीची असते. मोनोकॉक हलकी, ठेंगणी आणि वळणावर स्थिर. उंचीत दोन्ही गाड्यांचा फरक १९० मिलिमीटरचा आहे (१,८८० आणि १,६९०). उंच गाडी वळणावर जास्त कलते, हे आजीच्या पोटाला आमच्याआधी कळलं.

सुरक्षिततेच्या बाबतीत अंदाज करण्यापेक्षा वाचावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू झाली आहे. त्यात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने घेतात. आपण घेतो त्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, कुठल्या वर्षी आणि किती एअरबॅग असताना झाली, हे पाहा. २०२५ मध्ये अर्टिगाच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, बोलेरोत त्या वर्षी दोन होत्या. आणि मागची बैठक बघा. अर्टिगात तिसरी रांग समोर तोंड करून बसते. बोलेरोत मागे दोन आडव्या सीट आहेत, तोंड एकमेकांकडे. समोरून धडक झाली तर आडवं बसलेल्याचं शरीर कडेला फेकलं जातं, पुढे आधाराला काहीच नाही. जवळच्या फेरीला ठीक, पण तिथे मुलांना बसवून पुण्याला जायचं का, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा.

३,९९५ मिलिमीटरचं गुपित

बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटर. नेमकी पाच मिलिमीटर कमी का? उत्तर वर्कशॉपमध्ये नाही, करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत) अबकारी कर कमी केला. पूर्वीची अडीच लिटरची बोलेरो त्यात बसत नव्हती. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली ती या मापात बसवूनच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर आधी ३१ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. अर्टिगा लांबीलाही मोठी आणि पेट्रोल इंजिनही १,२०० च्या वर, म्हणून तिच्यावर आधी ४५ टक्के होता, तो ४० झाला. कराशिवाय ५ लाखांच्या गाडीवर १८ टक्के म्हणजे ९० हजार, ४० टक्के म्हणजे २ लाख. फरक १ लाख १० हजारांचा! रस्ता-कर मात्र महाराष्ट्रात उलटा आहे, डिझेलवर पेट्रोलपेक्षा जास्त. म्हणून शोरूमची किंमत नव्हे, पासिंग आणि विमा धरून 'ऑन रोड' किंमतच कागदावर लिहून घ्या.

पैशाचा हिशेब

वर्षाला १२,००० किलोमीटर धरू. ॲव्हरेज कंपनीचं नाही, रस्त्यावर मिळेल असं. दर हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

बोलेरो डिझेल: लिटरला १४ किलोमीटर, ९१ रुपये दर. वर्षाला ७८,००० रुपये.
अर्टिगा पेट्रोल: लिटरला १५ किलोमीटर, १०४ रुपये दर. वर्षाला ८३,२०० रुपये.
अर्टिगा सीएनजी: किलोला २२ किलोमीटर, ८८ रुपये दर. वर्षाला ४८,००० रुपये.

सीएनजी बघून सगळे खूश. गाडी समजा ९५ हजारांनी महाग पडली, तरी वर्षाला ३५,२०० वाचतात, म्हणजे पावणेतीन वर्षांत वसूल. पण सीएनजीची टाकी डिकीत बसते. तिसरी रांग उभी ठेवली तर मागे आजीचा वॉकर ठेवायला जागाच राहत नाही. शिवाय टॉर्क १२१.५ वर येतो, म्हणजे नाल्याच्या चढावर आणखी कमी. पंपावरची रांग वेगळीच.

डिझेललाही एक पथ्य आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जळून जायला इंजिन चांगलं तापावं लागतं. रोज फक्त दूध घालायला दोन-तीन किलोमीटर जायचं असेल तर हा फिल्टर चोंदतो. मधून मधून हायवेला लांब फेरी झाली पाहिजे.

हप्त्याचंही बघा. ८ लाख कर्ज, ९ टक्के व्याज: ५ वर्षांसाठी हप्ता १६,६०७, ७ वर्षांसाठी १२,८७१. दुसरा हप्ता गोड दिसतो, पण एकूण व्याज पहिल्यात १ लाख ९६ हजार आणि दुसऱ्यात २ लाख ८१ हजार. दोन वर्षं जास्त लांबवण्याचे ८५ हजार जातात.

नानांची एक योजना होती, "शिजनला चार भाडी मारू, हप्ता सुटंल." खासगी पासिंगच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारणं कायद्यात बसत नाही, आणि तेव्हा अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाडं मारायचंच तर पिवळी पाटी, परमिट, वेगळा विमा, सगळं धरून हिशेब करावा लागतो. ती ओळ आम्ही वहीतून खोडली.

आजीची ट्रायल

एवढं गणित झाल्यावर आजी म्हणाली, "म्या कुठं बसायचं, ते कुणी बघितलं का?" खरंच कुणी बघितलं नव्हतं. ट्रायल म्हणजे नाना चालवणार, शेजारी सेल्समन, मागे मी. मग पुढच्या खेपेला सातही जण गेलो. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता!

बोलेरोत चढताना आजीला पाय इतका उचलावा लागला की वडिलांनी एकीकडून आणि नानांनी दुसरीकडून धरावं लागलं. अर्टिगाच्या मधल्या सीटवर ती दाराला धरून आपली आपण बसली. तिसऱ्या रांगेत मात्र वडिलांचे गुडघे छातीला लागले. म्हणाले, "नारायणगावपर्यंत ठीक, पुण्यापर्यंत नाही." वहीत बघितलं, सातही माणसं पुण्याला एकदाही गेली नव्हती.

मग काय ठरलं?

अर्टिगा, पेट्रोल, सगळ्यात खालचा प्रकार. सहा एअरबॅग खालच्या प्रकारातही आहेत, त्यामुळे वरच्या प्रकाराचे जादा पैसे कशाचे, तर दिसण्याचे आणि सोयींचे. ते वाचले आणि आजीच्या पाटल्या परत तिच्या हातात गेल्या. बोलेरो घेतली असती तर आणखी पैसे वाचले असते, हेही खरं आहे आणि नाना ते अधूनमधून ऐकवतात.

आणि नाल्याचा चढ? वही पुन्हा उघडली. दोन किलोमीटरपैकी खरोखर वाईट रस्ता फक्त दीडशे मीटर. ताई म्हणाली, "दीडशे मीटरसाठी गाडी बदलायची, का दीडशे मीटर बदलायचे?" वस्तीवरच्या चार घरांनी मिळून तिथे मुरूम टाकायचं ठरवलं. एवढ्याने पावसाळा निघेल याची खात्री नाही. चिखल झालाच तर गाडी डांबरीच्या कडेला लावायची आणि आजीला ट्रॅक्टरने तिथवर आणायचं, हेही आधीच ठरलंय. आजीला ते मान्य आहे. नानांना नाही.

आमच्या नाल्यापलीकडच्या शेजाऱ्यांनी मात्र बोलेरो घेतली आणि त्यांचंही बरोबरच आहे. त्यांचा रस्ता पाच किलोमीटर कच्चा, रोज दुधाचे कॅन, पेंडीची पोती, पुण्याला वर्षातून एकदा. त्यांची वही लिहिली असती तर उत्तर उलटंच आलं असतं. गाड्या त्याच दोन, घरं वेगळी.

तर मित्रांनो, सांगायचा मुद्दा असा की 'कुठली गाडी चांगली?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'या घराला कुठली?' याला आहे. घरून फोन आलाच तर एवढं करा:

१. महिनाभर फेऱ्यांची वही लिहायला सांगा.
२. टॉर्क आणि पॉवर कुठल्या आरपीएमला, ते बघा.
३. ट्रायलला घरातली सगळी माणसं न्या. सगळ्यात म्हातारं माणूस आधी बसवा.
४. एअरबॅग, पट्टे आणि धडक-चाचणीचं वर्ष वाचा. पत्रा वाजवू नका.
५. ऑन रोड किंमत, पाच वर्षांचं इंधन आणि एकूण व्याज यांची बेरीज करून मगच तुलना करा.

यातलं एकही गणित थर्ड इयरच्या वरचं नाही. आपण ते फक्त जर्नलमध्ये उतरवून काढतो. या वेळी घरच्यांसाठी एकदा स्वतः सोडवून बघा. सबमिशनची तारीख नाही, पण मार्क द्यायला आजी बसलेली आहे.